सतरा दिवसांतले दोन : नव्याने परदेशी गेलेल्या जोडप्यांच्या शहरसहली (अनुभव धागा)

चिपळूण, सध्या डब्लिन

मागच्या वर्षी जुलैत आम्ही दोघांनी डब्लिनला बिऱ्हाड मांडलं. बिऱ्हाड म्हणजे चार बॅगा, एक कुकर आणि घरमालकाचा फ्रिज. यंदा मे महिन्यात पहिल्यांदा सुट्टीवर आलो, सतरा दिवसांसाठी. तिकडच्या थंडीत बसून मी जे काही ठरवलं होतं त्यात समुद्र होता, आंबे होते, दुपारची झोप होती. प्रत्यक्षात सासरी नाशिकला सहा दिवस, माहेरी पाच, मुंबईत आत्याकडे एक, कुलदेवतेला एक. नवऱ्याच्या दाढेचं रूट कॅनाल (तिकडे दाताच्या डॉक्टरकडे जायचं तर आधी पगाराची स्लिप बघावी लागते), माझा चष्मा आणि बँकेत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं) करून घेणं यात आणखी दोन गेले. जाऊ तिथे पोहे, आणि पोह्यांबरोबर 'मग, बर्फ पडतो का तिकडे?' डब्लिनला बर्फ फारसा पडत नाही, पाऊस पडतो. चिपळूणच्या माणसांना हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी निराशा दिसते ती बघवत नाही.

उरले दोन दिवस. ते कुणालाच द्यायचे नाहीत असं ठरवून आम्ही रत्नागिरीला पळालो.

तुमच्यापैकी कुणी परदेशात नव्याने संसार मांडल्यावर अशी दोघांचीच, एक-दोन मुक्कामांची शहराची सहल केली असेल तर लिहा. शहर इथलं असो की तिकडचं. हॉटेलांची यादी नको, ती कुठेही मिळते. काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करते.

'गोवा का नाही?' असं नवऱ्याने विचारलंच. मी रत्नागिरीत तीन वर्षं कॉलेज केलंय. हॉस्टेल, कॉलेज आणि एसटी स्टँड या त्रिकोणाबाहेर फार गेले नाही. थिबा पॅलेस बाहेरून पाहिलेला, किल्ल्यावर एकदा मैत्रिणींबरोबर, तेही परीक्षेआधी भगवतीला नवस बोलायला. आपल्याच गावात बघायचं काय, हा त्या वेळचा हिशेब. आता गेल्या दहा महिन्यांत डब्लिनमधलं प्रत्येक सरकारी म्युझियम पाहून झालं होतं (फुकट असतात), त्यामुळे जरा लाज वाटायला लागली होती.

रत्नागिरी स्टेशन गावापासून लांब आहे. रिक्षावाल्याने नवऱ्याची नाशिकची बोली ऐकून 'घाटावरचे काय?' विचारलं आणि मग वाटभर त्यालाच समुद्र समजावून सांगितला. लॉजवरच्या वहीत नाव, फोन, कुठून आलात, कुठे जाणार आणि कायमचा पत्ता असे रकाने. कुठून आलात : चिपळूण. कुठे जाणार : चिपळूण. कायमच्या पत्त्याशी पेन अडलं. आधारवर माहेरचा, पासपोर्टवर सासरचा, आणि भाडं भरतो तो तिसराच. मॅनेजर म्हणाला, "ताई, काहीही लिहा, कोण बघत नाही."

ऊन कलल्यावर थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून उतरवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. बरोबर राणी सुपयालत आणि लहान मुली. राजवाडा बांधून होईपर्यंत १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये राजा गेला. म्हणजे तीस वर्षं रत्नागिरीत काढली, त्यातली राजवाड्यात जेमतेम सहा. मी कॉलेजात असताना हे सगळं पाठ होतं, पण माझ्या डोक्यात तो कायम म्हातारा, एकटा राजा होता. तिथे उभं राहून पहिल्यांदा हिशेब केला. रत्नागिरीत आला तेव्हा तो तिशीच्या आतला होता. माझ्या नवऱ्याएवढा. सुपयालत जवळपास माझ्याएवढी. नवीन देश, भाषा येत नाही, स्वयंपाकाला ओळखीचं काही मिळत नाही, आणि घर दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं. फरक इतकाच की आमच्याकडे परतीचं तिकीट होतं.

नवरा नकाशाचा माणूस. थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र बघताना एकदम म्हणाला, "पण हा समुद्र चुकीच्या बाजूचा आहे." खरंच की. समुद्राकडे तोंड करून बसलं तर समोर अरबस्तान, आफ्रिका. ब्रह्मदेश पाठीमागे, अख्खा हिंदुस्थान ओलांडून, दुसऱ्या समुद्रापलीकडे. राजा सागराकडे बघत मायदेशाच्या आठवणीने व्याकूळ व्हायचा असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं आहे. व्याकूळ झालाच असेल तर भिंतीकडे बघून झाला असेल. सुपयालत १९१९ मध्ये रंगूनला परत गेली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिचे वंशज इथलेच झाले. यावर आम्ही दोघं मांडवीच्या जेट्टीवर रात्री नऊपर्यंत बोलत होतो. आपली मुलं कुठली होतील, वगैरे. डब्लिनच्या घरात दहा महिने एकत्र राहूनही हा विषय निघाला नव्हता. तिकडे संध्याकाळी बोलायचं ते भाडं, डबा आणि कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नदुर्ग, खाली मिरकरवाड्याच्या होड्या, मग पतितपावन मंदिर, टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर. सगळं सुरळीत चाललं होतं. दुपारी राम आळीत कोकम घ्यायला थांबलो आणि मागून आवाज आला, "अगो, तू?" आईची मावसबहीण. "आणि लॉजवर? माझं घर काय पडलंय?" पुढचं सांगायला नको. रात्रीचं जेवण तिच्याकडे, आणि बर्फ पडतो का. निघताना फणसपोळी, आंबापोळी, कुळथाचं पीठ, कोकमाच्या आगळाच्या दोन बाटल्या. एक डझन हापूसही देत होती. युरोपात बाहेरून फळं नेताना रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, नारळ-केळ्यांना सूट आहे, आंब्याला नाही, हे तिला पटेना. "नारळाला चालतं आणि हापूसला नाही? कोणी केला हा कायदा?" शेवटी ते बारा आंबे आम्ही रात्री लॉजच्या बाल्कनीत, वर्तमानपत्र पसरून, दोघांनी संपवले.

तारामुंबरी, देवगड, सध्या हॅनोवर

तिकडचं चालेल म्हणालात म्हणून लिहिते. आम्ही जर्मनीत आल्यावर पहिली सहल हाम्बुर्गची केली, नोव्हेंबरात. इथे महिन्याचं एक तिकीट मिळतं, देशभरातल्या साध्या गाड्या, बस, ट्राम सगळ्यांना चालतं. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, आम्ही गेलो तेव्हा ५८ झालं होतं. जलद गाडीला ते चालत नाही, म्हणून सव्वा तासाच्या ठिकाणी आम्ही जवळजवळ तीन तास घालवून, मध्ये गाडी बदलून पोहोचलो. डब्यात थालीपीठ होतं, तक्रार नाही.

खोली स्वस्तात मिळाली म्हणून घेतली ती रीपरबानला लागून. रीपरबान म्हणजे तिथली बदनाम वस्ती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे देवगडात रात्रीचे दहा, आईचा व्हिडिओ कॉल. इथे तोवर काळोख झालेला. मी रस्त्यावर उभी. आई म्हणते, "मागे लाल दिवे कसले गो? जत्रा आहे काय?" नवऱ्याने फोन ओढून घेतला आणि म्हणाला, "हो आई, जत्राच. आता निघालोच आम्ही."

मला तिथे ओढ होती ती रविवारच्या मासळीबाजाराची. १७०३ पासून भरतो म्हणे. उन्हाळ्यात पहाटे पाचला, थंडीत सातला, आणि साडेनऊला बंद म्हणजे बंद. पूर्वी लोकांनी चर्चला वेळेवर पोहोचावं म्हणून ठेवलेली ही वेळ. मी माझ्या डोळ्यांसमोर देवगड बंदरावरचा लिलाव घेऊन गेले. ट्रॉलर लागलेला, बर्फाचा चुरा, टोपल्या, आमची आजी मासळीचे वाटे, म्हणजे छोटे ढीग, लावून त्यांच्यापुढे उकिडवी बसलेली आणि गिऱ्हाइकाने भाव पाडला की तोंड फिरवून दुसरीकडे बघणारी. तिथे पाहते तर निम्मा बाजार केळी, फुलझाडं आणि चामड्याच्या पट्ट्यांचा. जुन्या लिलावघरात बँड वाजतोय आणि रात्रभर जागलेली पोरं बिअर घेऊन नाचतायत. मासळी आहे, पण धुरावलेली, खारवलेली, पावात घातलेली. हिरमोड झाला.

मग एका गाडीवरचा माणूस ओरडताना दिसला. धुरावलेली वाम एका पिशवीत टाकली, त्यावर बांगडा टाकला, मग आणखी एक बांगडा, मग गुलाबी काहीतरी, आणि पिशवी उंच धरून, "हे सगळं दहा युरो!" कुणी पुढे येईना म्हटल्यावर लोकांना शिव्या घालत आणखी एक बांगडा टाकला. अरे, हा तर वाटाच लावतोय! भाषा अर्धी कळली नाही, पण ते कळलं. मी पुढे झाले आणि आजीच्या गिऱ्हाइकांसारखी बोटाने अजून एक दाखवला. त्याने डोळे वटारले, छातीवर हात मारला, आणि टाकला.

नंतर ६२ नंबरच्या फेरीबोटीत बसलो, त्याच महिन्याच्या तिकिटावर. नदीच्या काठावर ओल्या चिखलाची पट्टी दिसत होती. नवरा म्हणाला पाणी आटलंय. मी म्हटलं, नाही, ही ओहोटी आहे. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब, नवऱ्याला खरं वाटेना. पैज लावली. एल्बेच्या खालून जाणारा १९११ सालचा जुना बोगदा बघून दुपारी परत आलो तर चिखल गायब, पाणी पायऱ्यांपाशी. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला एवढं तरी यायला हवं.

परतीच्या डब्यात त्या पिशवीच्या वासाने आमच्या आजूबाजूच्या चार सीट रिकाम्या झाल्या. एरवी अशी जागा मिळत नाही.

(वरच्या ताईंसाठी : आंबा चालत नसला तरी सुकी मासळी चालते. युरोपात स्वतःपुरती वीस किलोपर्यंत आणू देतात. बोंबील, सोडे, जवळा बिनधास्त आणा. फक्त बॅगेत कपड्यांशेजारी ठेवू नका.)

कुडाळ, सध्या आइंडहोवन

आमची सहल एक दिवसाची, म्हणजे अर्ध्या दिवसाचीच म्हणा. हॉलंडला जाऊन आठ महिने झाले होते. गणपतीला घरी आलो. विसर्जनानंतर बायको म्हणाली, डचांच्या देशात राहतो आणि वेंगुर्ल्यातली डच वखार अजून बघितली नाही. कुडाळ ते वेंगुर्ला किती, पंचवीसेक किलोमीटर. मी लहानपणापासून शंभर वेळा गेलो असेन. बंदरावर, दीपगृहाच्या टेकडीवर, मानसीश्वराला. वखार कुठे ते माहीत नव्हतं.

स्कूटर काढली. कॅम्पात एका आजोबांना विचारलं, "डच लोकांची वखार खय आसा?"

"तुमी खयसून इलास?"

"हॉलंडातून," बायको म्हणाली. तिला खरं बोलायची खोड आहे.

आजोबांनी आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मगे तुमकाच म्हायती आसतली!"

शेवटी त्यांनीच वाट दाखवली, आणि दाखवायला म्हणून बरोबर चालत आले. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात तळ ठोकला. व्यापार होताच, पण गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला ही जागा त्यांना सोयीची. आता भिंती उभ्या आहेत, कमानी आहेत, आणि भिंतींतून झाडं वर गेलीत. भाद्रपदात तर आत गवत कंबरेएवढं. आजोबा म्हणाले, काठी आपटत चला, जनावर असेल. जनावर म्हणजे साप, हे घाटावरच्यांसाठी.

तिथे कुणाचं नाव नाही, डच भाषेतलं एक अक्षर नाही. बायकोची तिकडची भाषेची परीक्षा जवळ आली होती, ती भिंतीला हात लावून उगाच एकेक डच शब्द म्हणत होती : भिंत, खिडकी, दार, छप्पर. छपराला वर बोट केलं तर आभाळ. मी पावलांनी लांबी-रुंदी मोजत होतो. आइंडहोवनला घर शोधताना आमचे चार महिने गेले आणि मिळाली एक खोली, जिच्यात पलंग उघडला की दार उघडत नाही. ह्या लोकांनी आमच्या वेंगुर्ल्यात एवढी जागा अडवली होती आणि त्यांना कुणी पगाराची तीन महिन्यांची स्लिप मागितली नसणार.

आजोबांना चहाला नेलं. त्यांनी विचारलं, ते लोक गेले कशाला परत? मी म्हटलं, धंदा बसला असेल. "आणि तुमी?" म्हणाले. या प्रश्नावर बायको माझ्याकडे बघायला लागली. मी भजी मागवली.

दापोली

मी या विषयात पलीकडच्या बाजूचा माणूस. मुलगा आणि सून मेलबर्नला असतात. गेल्या एप्रिलात लग्नानंतर पहिल्यांदा आले, चौदा दिवसांसाठी. त्यांतले दोन दिवस ते कोल्हापूरला मित्राच्या लग्नाला गेले असं आम्हाला सांगण्यात आलं. नंतर सुनेच्या फोनवर हिने फोटो बघितले त्यात अलिबागचा समुद्र होता. कोल्हापूरला समुद्र नाही एवढा भूगोल आम्ही शिकवलेला आहे. मी तीस वर्षं शाळेत तोच शिकवला.

राग आला नाही. खोटं कशाला, आला. पण मुद्दा तो नाही. मुलगा येणार म्हणून मी झाडावरचे आंबे उतरवून, तारखा मोजून पिकायला पेंढ्यात अढी घातली होती. पहिले सहा दिवस इकडे तिकडे जेवणंच होती. अढी तयार झाली नेमकी ते दोघं कोल्हापूरच्या समुद्रावर असताना. पेंढा उघडला तेव्हा घरभर वास. आम्ही दोघं म्हातारी माणसं, मला साखर. हिने रस आटवून बरण्या भरल्या, शेजारी वाटले. ते आले तेव्हा उरलेले आंबे उतरायला लागले होते.

दोघांनी फिरायला जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. आम्ही नाही गेलो म्हणून तुम्ही जाऊ नये, असंही नाही. पण सांगून जा. अढी चार दिवस उशिरा घालता येते.

चिपळूण, सध्या डब्लिन

काका, तुमचं वाचून बाबांना फोन केला. मी त्यांना रत्नागिरीचं सांगूनच गेले होते, तरी केला. आमच्याकडे अढी नाही, पण ते म्हणाले की त्या दोन दिवसांत त्यांनी स्टेशनवर सोडायला आणि आणायला यायचं म्हणून गाडी धुऊन घेतली होती आणि आम्ही परस्पर रिक्षाने आलो.

जैतापूर, राजापूर, सध्या मस्कत

आमचं थोडक्यात. निकाह झाला, तिचा व्हिसा झाला, ती आली आणि पहिल्याच शुक्रवारी आम्ही सूर शहरात गेलो. मस्कतहून दोनशे किलोमीटर, एक मुक्काम. तिथे लाकडी गलबतं बांधायचा जुना कारखाना आहे, अजून चालतो. कारागिरांत मलबारचे लोक, सागवान हिंदुस्थानातलं. आमच्या जैतापूरच्या खाडीत आजोबांच्या वेळी गलबतं लागायची, त्यांची नावं मला पाठ आहेत, त्यामुळे मी तासभर हललो नाही. ती बिचारी उन्हात. रात्री खोलीवर ती रुसलेली होती. पहाटे मी तिला उठवून किनाऱ्यावर नेलं. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. तिथे तो समुद्रातून वर येतो. ती म्हणाली, "उलटं आहे सगळं," आणि मग हसली. एवढंच.

नागाव, अलिबाग, सध्या बोस्टन

दापोलीच्या काकांचा मुलगा मी नव्हे, आधीच सांगतो. पण आम्हीही अलिबागलाच गेलो. माझं गाव नागाव, घरापासून अलिबाग नऊ किलोमीटर, आणि आम्ही तिथे एक रात्र खोली घेतली. आईने यावर काय म्हटलं ते लिहीत नाही.

बायको विदर्भातली, भंडाऱ्याची. तिला कुलाबा किल्ल्यात चालत जायचं होतं. ओहोटीला चालत जाता येतं हे तिला मीच बढाई मारून सांगितलेलं. शिस्तीचा माणूस म्हणून बोस्टनमध्ये असतानाच त्या तारखेच्या दोन्ही ओहोट्यांच्या वेळा काढल्या आणि फोनच्या कॅलेंडरात टाकल्या. सकाळी साडेनऊला फोनने सांगितलं, ओहोटी. आम्ही किनाऱ्यावर हजर. किल्ला पाण्यात. चांगला कंबरभर पाण्यात. मला वाटलं हवामान बदल.

शहाळी विकणारी बाई आमच्याकडे बघत होती. म्हणाली, "आज आठम ना? बारा वाजता या." मी तिला फोन दाखवला. तिने तो बघितलाही नाही.

मग उलगडलं. नोंद केली बोस्टनच्या घड्याळावर, आणि भारतात उतरल्यावर फोनने आपण होऊन त्यात साडेनऊ तास मिळवले. रात्री बाराची ओहोटी सकाळी साडेनऊला दिसत होती, दुपारी बाराची रात्री साडेनऊला. माझ्या आजोबांचा हिशेब एका ओळीचा होता : तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमाराला. मी भौतिकशास्त्रात पीएचडी आहे, हे इथे नमूद करून ठेवतो, कारण बायको ते गेले वर्षभर सगळीकडे नमूद करते आहे.

अडीच तास काढायचे होते म्हणून तिला चुंबकीय वेधशाळा दाखवायला नेली. फाटकाबाहेरूनच, आत जायला परवानगी लागते. मुंबईत कुलाब्याला ही वेधशाळा होती, विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ती अलिबागला आणली. शहराच्या गोंगाटापासून दूर काही मोजायचं असेल तर गावाकडे यावं लागतं, असं काहीतरी मी फाटकापाशी बोललो. ती म्हणाली, शहाळं पिऊया. वाटेत इस्रायल आळीतून गेलो, तिथलं बेने इस्रायलींचं प्रार्थनामंदिर बघितलं. आळीतली बरीच कुटुंबं इस्रायलला गेली, पण घरांवर नावं आहेत, आणि आडनावं कोकणातल्या गावांची.

बाराला घोट्याएवढं पाणी. चपला हातात घेऊन चालत गेलो. किल्ल्याच्या तटाचे दगड एकावर एक नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आत शिरून परत जाते आणि भिंत शाबूत राहते. आत गणपतीचं देऊळ, शेजारी गोड्या पाण्याचा तलाव. सावलीत बसलो. एकच्या पुढे परत फिरलो तेव्हा पाणी चढायला लागलं होतं आणि काही मंडळी अजून आत निघाली होती, कपडे वर खोचून. त्यांनी मला विचारलं, अजून वेळ आहे ना? मी म्हटलं, आज अष्टमी आहे, आत्ता जाऊ नका. इतक्या सहज आलं तोंडून.

मालवण

मी न्याहारी-निवास चालवते, चार खोल्या. सगळं वाचलं. तुमच्यासारखी जोडपी माझ्याकडे वर्षाला बरीच येतात, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. लिहिण्यात चूक असली तर सांभाळून घ्या.

ही मुलं लगेच ओळखू येतात. प्रत्येक चपातीला थँक्यू म्हणतात. पहाटे तीनला जागी असतात, पडवीत बसून कुजबुजतात. पहिल्यांदा मला वाटायचं भांडणं झाली. मग कळलं की झोपेची वेळ उलटी झालेली असते. आता मी रात्री थर्मासात चहा भरून पडवीत ठेवते. पैसे देताना गडबड होते, कारण इथला सिम बंद पडलेला, त्यामुळे फोनवरून पैसे जात नाहीत. तेव्हा येताना रोख आणा, शेवटच्या दिवशी एटीएम शोधत फिरू नका. सिंधुदुर्गला जायचं तर सकाळच्या होडीने जा. आणि पावसाळ्यात होड्या बंद असतात, मग माझ्यावर चिडून उपयोग नाही. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघा. चहूकडे खारं पाणी आणि मध्ये तीन गोड्या विहिरी. महाराजांनी १६६४ मध्ये उगाच ती जागा निवडली नाही.

गेल्या डिसेंबरात एक जोडपं आलं कॅनडाहून. लग्नाला वर्ष झालेलं. दोन दिवस मुक्काम. पहिल्या दिवशी तारकर्ली, देवबाग, होडी, सगळं केलं. मुलगी गप्प गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना चिवल्याच्या किनाऱ्यावर जायचं होतं. मी सोलकढीसाठी आडोळी, म्हणजे नारळ खवायची विळी, घेऊन बसले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "काकू, मी खवू?"

म्हटलं, "खव गो, पण पाहुण्यांका कामाक लावलंय म्हणतील."

बसली. साडीची सवय नाही, ड्रेस सावरून आडोळीवर बसली आणि खवायला लागली. तिकडे डब्यातलं दूध आणि बर्फातला कीस मिळतो म्हणाली, असा आवाज येत नाही. एक नारळ झाला, दुसरा घेतला. नवरा गाडीची चावी हातात घेऊन आला, दोन मिनिटं उभा राहिला, मग तिथेच पाटावर बसला. ती बोलत होती, नोकरीचं, तिथल्या शेजारणीचं, आईच्या दुखण्याचं. मला सांगत होती, पण ऐकत तो होता. मी मध्येच उठून मासे बघायला गेले ते जरा वेळाने आले. तोवर तिसरा नारळ खवून झाला होता.

चिवल्याला ते गेलेच नाहीत. सोलकढीला मला एक नारळ पुरतो. त्या दुपारी चारही खोल्यांतल्या पाहुण्यांना दोन-दोनदा वाढली, तरी उरली.